एफसी चढावर फटके मारून बंद पडते: कार्ब्युरेटर खोलण्याआधी काय बघावं

सांगली जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकावाल्यांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे आजोबांच्या काळातली महिंद्राची एफसी-१६० आहे, केबिनमध्येच इंजिन असलेली छोटी मालगाडी, पेट्रोलवरची, मूळ हरिकेन इंजिनासकट. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला लागते. आठ-दहा किलोमीटर झाले, मागं रोपं भरलेली असली आणि चढ लागला की कार्ब्युरेटरमधून फट-फट सुरू होतं, ओढ जाते. कधीकधी सायलेन्सरमधून एक मोठा बार होतो आणि गाडी बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. शिवाय गरम झाल्यावर स्लोवर टिकत नाही, चौकात थांबलं की बंद पडते. कार्ब्युरेटर दोनदा ओव्हरहॉल केला, प्लग नवे टाकले. एक मिस्त्री म्हणतो नवा कार्ब्युरेटर घाला, दुसरा म्हणतो डिझेल इंजिन बसवा. काय करू?

दोन्ही नको, निदान आत्ताच नको. मी कोल्हापुरात चाळीस वर्षं जीप आणि एफसीची कामं करतोय. या इंजिनाचा कार्ब्युरेटर दोन नटांवर बसलेला, झाकण उचललं की समोर दिसणारा. खोलायला सोपा, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिथंच जातो. दोनदा ओव्हरहॉल करूनही त्रास जसाच्या तसा आहे, याचा अर्थ दोष बहुतेक तिथं नाही. तिसऱ्यांदा पैसे घालू नका.

तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दोन आजार दिसतात. चढावर गरम इंजिन दम सोडून बंद पडणं हा एक. स्लोवर न टिकणं हा दुसरा. ते एकाच गाडीत, एकाच वेळी आहेत म्हणून त्यांचं कारणही एकच असेल असं धरून चालू नका. जुन्या गाडीत दोन-तीन बारीक दोष एकमेकांवर चढून बसलेले असतात. एक काढला तरी गाडी सुधारत नाही, मग माणूस म्हणतो हा दोष नव्हताच आणि ते काम उलटं करून ठेवतो.

आधी फटका कुठून येतो ते नीट ऐका. वरून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडातून येणारा फट-फट आवाज, हा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना आग मागं आल्याचा आवाज. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण हळू जळतं. इतकं हळू की पुढचा इनटेक उघडेपर्यंत आत ज्योत शिल्लक असते आणि ती उलटी वर येते. स्पार्कचं टायमिंग फार पुढं असणं, प्लगच्या वायरी अदलाबदल होणं, डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, कॅपला तडा जाऊन करंट शेजारच्या टोकावर उडी मारणं, इनटेक व्हॉल्व्ह न बसणं, यांनीही हाच आवाज येतो. खालचा बार वेगळा. सायलेन्सरमध्ये न जळलेलं पेट्रोल साठलं आणि मागून आलेल्या गरम वायूनं ते पेटलं की तो होतो. म्हणजे आत स्पार्क चुकला, किंवा फार उशिरा पडला, किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर नुसतं पुटपुटणं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. ते पॅकिंग बदला आणि विसरा.

तुमच्याकडे आधी वरून फट-फट आणि मग ओढ जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्याची शंका पहिली. पण शेवटी खालून एक बार होऊन बंद, हे वाचून स्पार्कचीही शंका येते. म्हणून गाडी बंद कशी पडते ते आठवा. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात मेली, तर करंट. दम लागल्यासारखी, दोन-तीन आचके देत, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थोडी सावरत आणि मग बंद, तर पेट्रोल. गाडी चालवणाऱ्याला हे मेकॅनिकपेक्षा जास्त चांगलं सांगता येतं. तुम्हीच सांगायचं आहे.

आता खरं महत्त्वाचं. अशी गाडी गॅरेजमध्ये आणून उभी केली की ती बरी झालेली असते. थंड इंजिनात आम्ही तपासतो, सगळं ठीक दिसतं, मग अंदाजानं काहीतरी बदलतो. दोष दिसतो तो फक्त गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. तेव्हा इंजिनाचं झाकण उघडून नुसतं बघत उभं राहण्यात किंवा सेल्फ मारत बसण्यात ती मिनिटं जातात आणि पुरावा नाहीसा होतो. तर पुढच्या वेळी गाडीत एक पक्कड, एक टेस्ट लॅम्प, एक पाण्याची बाटली, फडकं आणि बरोबर एक माणूस घेऊन मुद्दाम त्याच चढावर जा. बंद पडू द्या. कडेला घ्या, चाकाला दगड लावा.

पहिलं काम स्पार्क, आणि ते एअर क्लीनर जागेवर असतानाच. दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण काढा. कॉइलकडून डेल्को कॅपच्या मध्यात येणारी जाड वायर काढा, उघडं टोक ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडापासून सहा मिलिमीटर लांब पकडीनं धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळा, कडक, टक-टक आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळसर, बारीक, मधूनच पडणारा असेल तर तो दाबाखाली आत पडणारच नाही. उघड्या हवेत सहा मिलिमीटर ओलांडणं सोपं असतं, सिलिंडरमधल्या कॉम्प्रेशनखाली पाऊण मिलिमीटर ओलांडणं अवघड. म्हणूनच अशक्त स्पार्कची गाडी सपाटीला चालते आणि चढावर चुकते.

स्पार्क बघून झाला, वायर परत बसवली, किल्ली बंद केली की मगच दुसरं काम. एअर क्लीनरचं नळकांडं बाजूला करा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्चनं बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी एकदा झटक्यात ओढा. अ‍ॅक्सिलरेटर पंपातून पेट्रोलची बारीक, जोरदार धार दिसली पाहिजे. धार असेल तर बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. धार नसेल किंवा नुसते बुडबुडे थुंकत असेल तर बाऊल रिकामा. झालं. दोन मिनिटांत निम्मी गाडी तपासणीतून बाहेर गेली.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. एअर क्लीनर काढलेला असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. रस्त्यावर सगळेच हे करतात. वरून फटका मारणाऱ्या गाडीत ती ज्योत सरळ बाटलीपर्यंत येते. जीपमध्ये इंजिन निदान बोनेटखाली असतं. एफसीमध्ये ते केबिनमध्ये, तुमच्या मांडीशेजारी आहे. माझ्याकडे काम करणाऱ्या एका पोराचा हात असाच भाजला आहे, तो दिवस मी विसरलेलो नाही. ऑइल बाथचा एअर क्लीनर हवा गाळतो तसा ही ज्योतही अडवतो. तो लावल्याशिवाय गाडी चालवायची नाही. आणि केबिनमध्ये आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवाच.

समजा स्पार्क नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावा, टोक कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला. किल्ली चालू असताना दिवा लागला नाही तर दोष किल्लीत किंवा तिथपर्यंतच्या वायरीत. इतक्या जुन्या इग्निशन स्विचचे आतले पॉइंट गरम झाले की सोडतात. दिवा लागला तर टोक कॉइलच्या दुसऱ्या, डेल्कोकडच्या टोकाला लावा आणि सेल्फ मारा. लुकलुकला तर सीबी पॉइंट, म्हणजे डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडझाप करतायत. एकसारखा जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटून करंट घेत नाहीत, कारण तोंडावर काजळी किंवा तेल. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर आतून अर्थ झालाय, किंवा कॉइलचं आतलं गुंडाळं तुटलंय. कंडेन्सरची वायर सोडून परत बघा, लगेच कळेल.

गरम झाल्यावर मरणारा आणि पंधरा मिनिटांत जिवंत होणारा स्पार्क म्हणजे बहुतेक कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइलला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर विचारा की ती कोणती घातली आहे. बारा व्होल्टची साधी कॉइल आतून साधारण तीन ओहम दाखवते. दीडच्या आसपास दाखवणारी असेल तर तिच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर लागतो. तो न लावता ती सरळ जोडली तर कॉइल उकळते आणि पॉइंटही जळतात. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर तसाच उंचवटा दिसला तर कंडेन्सरकडे बोट दाखवा. आणि कंडेन्सर नवा आहे म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. हल्ली मिळणाऱ्या मालात पाकिटातून काढलेला कंडेन्सर दुसऱ्या दिवशी गेलेला मी अनेकदा पाहिलाय. जुन्या गाडीतून काढलेला, चालू असल्याची खात्री असलेला एक कंडेन्सर मी नेहमी डब्यात ठेवतो.

पॉइंटचं अंतर मूळ ऑटोलाइट डेल्कोला ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांवर नंतर ल्युकासचा डेल्को बसवलेला असतो, त्याला ०.०१४ ते ०.०१६ इंच. आधी डेल्को कोणता ते बघा, मग फिलर गेज हातात घ्या. प्लगचं अंतर ०.०३० इंच. डेल्कोच्या आत फिरणारा रोटर काढून त्याचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खडखडला तर बुश झिजलाय, मग तुम्ही अंतर कितीही नीट लावा, चार सिलिंडरला चार वेगळी टायमिंग मिळणार.

आता समजा स्पार्क कडक आहे आणि बाऊल रिकामा आहे. तुमच्या लक्षणांवरून मला हीच शक्यता जास्त वाटते. लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. उघडताना सुस्स असा आवाज आत ओढला गेला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल जातं तशी आत हवा शिरली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि एसी पंप, म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप, हरतो. झाकण सैल ठेवून तोच चढ चढून बघा, पैसे न लागता उत्तर मिळतं.

तसं नसेल तर पंपाच्या आधीचा पाइप सोडा आणि टाकीकडे तोंडानं नाही, हातपंपानं हवा मारा. हे मी अशासाठी सांगतो की माझ्याच हातून एकदा मोठी चूक झाली होती. गुळाच्या हंगामात एक एफसी यायची, भरलेली, दर खेपेला शहराबाहेरच्या एकाच चढावर बंद पडायची. मी कार्ब्युरेटर तीन वेळा खोलला, पंपाचा डायफ्राम बदलला, मालकाचे पैसे घेतले. चौथ्या वेळी गाडी बंद पडली तिथं मी स्वतः गेलो. पंपाकडे येणारा पाइप सोडला तर थेंबही येईना, आणि पाचेक मिनिटांनी आपोआप येऊ लागला. टाकी उतरवली. आत गुळाच्या ढेपेवरच्या प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा तरंगत होता. चढावर पंप जोरात ओढायचा तेव्हा तो नळीच्या तोंडावर चिकटायचा, गाडी बंद झाली की ओढ संपून सुटायचा. मालकाला मी तिन्ही वेळची मजुरी परत दिली. त्यानंतर बंद पडलेल्या जागी गेल्याशिवाय मी अशा गाडीला पाना लावत नाही.

टाकीची वाट मोकळी असेल तर पंप बघा. पंपाचा पाइप कार्ब्युरेटरकडून सोडून बरणीत धरा. स्लोवर मिनिटाभरात अर्धा लिटरच्या आसपास, ठोक्याठोक्यानं पेट्रोल यायला हवं, प्रेशर गेज असेल तर अडीच ते पावणेचार पीएसआय. डिपस्टिकचं ऑइल हुंगा. त्याला पेट्रोलचा वास असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय, गाडी तशीच चालवली तर बेअरिंगं जातील.

पंप चांगला, वाट मोकळी, तरी गरम असतानाच बाऊल रिकामा होत असेल तर पेट्रोल पाइपातच उकळतंय. वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो, पेट्रोल ढकलत नाही. हे इंजिन सीजे-३बी जीपमध्येही होतं. ते उंच म्हणून त्या जीपचं बोनेट उंच करावं लागलं. एफसीमध्ये तेच इंजिन झाकणाखाली कोंडलेलं असतं, समोरची मोकळी हवा त्याला मिळत नाही. त्यात पंप इंजिनाच्या ज्या बाजूला, त्याच बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना उष्णता कमाल आणि हवा किमान. फडकं ओलं करून पंपावर आणि पाइपावर ठेवा, पाणी ओता. पंपाच्या काचेवर किंवा तापलेल्या मॅनिफोल्डवर ओतू नका, तडा जाईल. दोन मिनिटांत गाडी लागली तर निदान झालं. उपाय साधे आहेत. पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून जमेल तेवढा लांबून न्या, मधे पत्र्याचा आडोसा द्या, कार्ब्युरेटरखालचा बेकलाइटचा जाड तुकडा कुणी काढून टाकला असेल तर परत बसवा, रेडिएटरच्या भोवतीचं पत्र्याचं आवरण जागेवर आहे का बघा.

हा त्रास हल्ली वाढलाय आणि त्याचं कारण पेट्रोलमध्ये आहे. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्ब्युरेटर जुन्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर, असेल तर तो हवा तेवढीच घेतो आणि पेट्रोल सात-आठ टक्के कमी पडल्यासारखं होतं. वरून फट-फट यायला एवढं पुरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवतं आणि पंपाचा जुना रबरी डायफ्राम, पाइप फुगवतं. पाइप आणि डायफ्राम इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच घ्या, दुकानदाराला स्पष्ट विचारून. कार्ब्युरेटर सोलेक्स कंपनीचा असेल तर मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० चा असेल तर १२५ घालून बघा. क्षेत्रफळ वाढतं ते साधारण साडेआठ टक्के, हवं त्याच्या आसपास. कार्टर कंपनीचा असेल तर मीटरिंग रॉडचं सेटिंग जाणकाराकडून करून घ्या. मात्र हे सगळ्यात शेवटी, बाकी दोष काढून झाल्यावर आणि प्लगचा रंग बघून. पांढरे पडलेले प्लग असतील तरच जेट वाढवा. तपकिरी, कॉफीसारखे असतील तर हात लावू नका.

स्पार्कही आहे, पेट्रोलही आहे, तरी फटके? मग टायमिंग आणि वायरी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलटा फिरतो. ज्याला हे माहीत नाही तो सुलट लावतो. मग एक आणि चार बरोबर येतात, दोन आणि तीनची अदलाबदल होते. इंजिन दोन सिलिंडरवर चालतं, आणि दोन नंबरचा इनटेक उघडायला लागतानाच तिथं ठिणगी पडते, म्हणून वर फटका. आणखी एक सापळा या इंजिनात आहे. डेल्को ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. कुणी कधी ऑइल पंप काढून एक दात चुकवून बसवला असेल तर डेल्को हवा तेवढा फिरवूनही टायमिंग जागेवर येत नाही. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून रोटर कॅपच्या एक नंबरच्या टोकाकडे बघतोय का, एवढं बघा. टायमिंग वरच्या बिंदूच्या पाच अंश आधी. मूळ डेल्कोला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नाही, फक्त आतली वजनं आणि स्प्रिंगा आहेत. रोटर हातानं फिरण्याच्या दिशेला पिळा, थोडा हलून स्प्रिंगनं मागं आला पाहिजे. गंजून अडकला असेल तर रेस वाढली तरी टायमिंग पुढं जात नाही, चढावर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सर लालबुंद होतो.

आता तुमचा दुसरा आजार, गरम झाल्यावर स्लोवर न टिकणं. इथं मला हरिकेन इंजिनाची रचना सांगावी लागेल, कारण दोष बहुतेक तिच्यातच लपलाय. याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. रॉकरचं झाकण काढलं की वरचे चार दिसतात, मिस्त्री त्यांचं टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या तुकड्याचं, अंतर लावतो आणि टॅपेट झाले म्हणतो. खालचे चार बाजूच्या पत्र्यामागं, मॅनिफोल्डच्या अडचणीत. एफसीत तर तिथं हात घालणं म्हणजे कोपर सोलून घेणं. म्हणून ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली की व्हॉल्व्ह खाली टॅपेटकडे सरकतो आणि मधलं अंतर कमी होत जातं. आवाज होत नाही, उलट इंजिन गप्प होतं, मालक खूश होतो. टॅपेट वाजतो तोवर बरा, गप्प झालेला टॅपेट धोक्याचा. इंजिन गरम झालं, व्हॉल्व्हची दांडी वाढली की तो पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, स्लोवर इंजिन थरथरून बंद पडतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि खाली बार होतो. तुमचा तो बार इथलाही असू शकतो.

तपासायला गॅरेज लागत नाही. गरम इंजिन स्लोवर ठेवून, लागल्यास कुणाला अ‍ॅक्सिलरेटर जरासा धरायला सांगून, सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. तो सतत बाहेर उडाला पाहिजे. मधून मधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय किंवा बसत नाही. नंतर कॉम्प्रेशन घ्या, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चांगल्या इंजिनात १२० ते १३० पीएसआय येतं. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चौघांत दहापेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

टॅपेट थंड इंजिनावर लावा. इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. वर आणि खाली, आठही. मिस्त्री म्हणाला खालचे बघायची गरज नाही, तर दुसऱ्याकडे जा. लावल्यानंतर पाचशे किलोमीटरवर पुन्हा मोजा. एखाद्याचं अंतर परत कमी झालं असेल तर त्याची सीट खात चालली आहे, तेव्हा व्हॉल्व्ह आणि सीटचं काम लांबवू नका.

टॅपेट ठीक निघाले तर हवेची गळती. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे, त्यामुळं तिथल्या पॅकिंगची चिंता नाही. उरतात चार जागा: कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, थ्रॉटलच्या शाफ्टची झिजलेली भोकं, चेंबरची वाफ इनटेकला नेणारा छोटा व्हॉल्व्ह, आणि वायपरचा रबरी पाइप. तुमच्या गाडीचे वायपर अजून व्हॅक्यूमचे असतील तर तो पाइप आधी बघा. चिरलेला असतो आणि कुणाचं लक्ष नसतं. काढून तोंड बुजवा, स्लो सुधारला तर सापडलं. वाफेचा व्हॉल्व्ह अडकून उघडाच राहिला तर तोही स्लोवर नको तेवढी हवा देतो. त्याचा पाइप पक्कडीनं चिमटून बघा. बाकीच्या जोडांवर इंजिन ऑइलचा ब्रश फिरवा. रेस बदलली की तिथं गळती. पेट्रोलचा फवारा मारू नका. शाफ्ट हलत असेल तर लेथवाल्याकडून पितळी बुश घालून घ्या. दोन वेळा ओव्हरहॉल झालेल्या कार्ब्युरेटरमध्ये हे काम मी क्वचितच झालेलं बघतो, किट बदलतात आणि झिजलेला शाफ्ट तसाच ठेवतात.

हे सगळं झाल्यावरच स्लोचा स्क्रू. हळूच पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा, मग व्हॅक्यूम गेजवर सगळ्यात जास्त आकडा येईल तिथं ठेवा. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच येतो. आपल्याकडे पठारावर दीड-दोन इंच कमी दिसेल, त्याला दोष समजू नका. काटा स्थिर हवा. ठरावीक लयीत झटका खात असेल तर पुन्हा व्हॉल्व्हकडे. स्क्रू पूर्ण बंद केला तरी इंजिनात काही फरक पडत नसेल, तरच कार्ब्युरेटरची स्लोची वाट बुजली आहे, आणि तेव्हा तो खोला.

डिझेलबद्दल. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या भागात कित्येक पेट्रोल जीप आणि एफसी डिझेल झाल्या, मीही केल्या. तेव्हा पेट्रोल महाग आणि गाडीवर पोट होतं, मालकांचं चुकलं नाही. पण ते इंजिन जड, थरथर जास्त, माउंटिंग-गिअरबॉक्सचं काम वेगळं आणि आरसी बुकात बदल मंजूर करून घ्यावा लागतो. चालू हरिकेन आता फार थोड्या उरल्यात. तुमचं इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला लागतं, म्हणजे ते मेलेलं नाही. ते काढून भंगारात देऊ नका, मला मनापासून वाईट वाटेल.

तर या आठवड्यात एवढंच करा: टाकीचं झाकण, वायपरचा पाइप, सायलेन्सरपाशी कागद. मग भरलेली गाडी घेऊन त्या चढावर जा. बंद पडल्यावर स्पार्क होता की नाही, कार्ब्युरेटरमध्ये धार होती की नाही, आणि झाकण उघडताना आवाज आला की नाही, या तीन गोष्टी लिहून पाठवा. डेल्को ऑटोलाइट आहे की ल्युकास, आणि कॉइल किती ओहम दाखवते तेही कळवा.